पत्रा सडला म्हणजे ॲसिडचाच पाऊस, असं नाही

आमच्या गुहागरकडचा एक मुलगा पुढच्या महिन्यात नायजेरियात पोर्ट हार्कोर्टला नोकरीवर रुजू होतोय. त्याने विचारलं आहे: "काका, तिकडचे व्हिडिओ बघितले. लोक सांगतात की गॅस फ्लेअरमुळे, म्हणजे तेलाच्या विहिरींवर गॅस जाळतात त्या ज्योतींमुळे, ॲसिडचा पाऊस पडतो, घरावरचे पत्रे दोन वर्षांत गळायला लागतात, पावसाचं पाणी पिऊ नका. हे खरं का? तेल निघतं तिथे सगळीकडे असंच होतं का? मग आपल्या उरणला का नाही?"

पत्रे लवकर सडतात, हे शंभर टक्के खरं. मी स्वतः डोळ्यांनी बघितलेत. पाणी पिऊ नकोस, हेही खरं. पण या दोन्हींचं खापर तिथे ज्या 'ॲसिड रेन'वर फोडतात, त्यातला मोठा वाटा मला पटत नाही. लोखंड का सडतं हे शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. आधी कोकण किनारा, मग आखात, मग काही काळ नायजर डेल्टा, म्हणजे तू जातोयस तोच भाग. तेव्हा हे मत पुस्तकातलं कमी आणि शिडीवर चढून बघितलेलं जास्त आहे.

आधी गंधकाचं बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. पावसाचं पाणी मुळातच किंचित आंबट असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा; ७ म्हणजे ना आंबट ना खारट, आणि जितका कमी तितकं पाणी आंबट) ५.६ च्या आसपास येतो. त्याखाली तो ओढला जातो तो मुख्यतः गंधकामुळे आणि थोडाफार नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो आणि ढगात जाऊन त्याचं सल्फ्युरिक ॲसिड बनतं. त्याला काही तासांपासून दोन-चार दिवस लागतात, तोवर वारा त्याला शेकडो किलोमीटर लांब घेऊन जातो. ब्रिटनच्या चिमण्यांचा धूर नॉर्वेच्या तळ्यांतल्या माशांवर बेतला तो असाच. त्यामुळे चिमणीच्या अगदी बुडाशी पत्रा सडला असेल, तर 'पाऊस' हा शब्द वापरताना मी जरा थांबतो.

आता तेलाकडे ये. सगळं तेल सारखं नसतं. आमच्या धंद्यात गंधक कमी असलेल्याला 'स्वीट' म्हणतात, जास्त असलेल्याला 'सावर'. कुवेतच्या निर्यातीच्या तेलात गंधक अडीच टक्क्यांच्या आसपास असतं. नायजेरियाचं नावाजलेलं बॉनी लाइट घे, त्यात सुमारे ०.१५ टक्के. आपलं बॉम्बे हायचं तेलही याच गोड जातीतलं. आणि फ्लेअरमध्ये तेल जळत नाही, तेलाबरोबर वर आलेला गॅस जळतो. म्हणून खरा प्रश्न हा की त्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड किती.

हिशेब सोपा आहे, कागद घेऊन करून बघ. दहा लाख घनफूट गॅस जाळला आणि त्यात एक टक्का हायड्रोजन सल्फाइड असेल, तर साधारण ७६५ किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच गॅस दहा पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत दहा भागांचा असेल, तर पाऊण किलो. ज्योत तेवढीच, उजेड तेवढाच, आवाजही तेवढाच, पण एकीकडे पाऊण टन आणि दुसरीकडे पाऊण किलो. ज्योतीकडे बघून यातलं काहीच कळत नाही. नायजर डेल्टातला बहुतेक गॅस गोड आहे. तेव्हा तिथे फ्लेअरमधून सल्फ्युरिक ॲसिडचा पाऊस पडतो, हे वाक्य मी तरी सरसकट म्हणणार नाही. ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात आणि त्यांचं पुढे नायट्रिक ॲसिड होतं, एवढा भाग खरा. त्या भागात पावसाचा पीएच मोजलेले आकडे चार-साडेचारपासून थेट साडेसहापर्यंत सापडतात. याचा एक अर्थ असा की मोजणारे वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात.

मोजण्यावरून माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला साहेबांनी सांगितलं, पावसाचा पीएच घे. मी रात्री बादली अंगणात ठेवली आणि सकाळी मीटर बुडवला. आकडा आला ६.८. मी खूश, रिपोर्टमध्ये लिहून मोकळा. साहेबांनी एकच विचारलं, "बादली कसली होती?" बादली होती जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. पाण्यातलं जे काही ॲसिड होतं, ते रात्रभर बादलीचं जस्त खात बसलं होतं. सकाळी मी जे मोजलं ते पावसाचं पाणी नव्हतंच, ते बादलीचं पाणी होतं. तिकडे जाऊन मोजायची हौस आलीच, तर तीन गोष्टी सांभाळ. भांडं प्लास्टिकचं, डिस्टिल्ड वॉटरने धुतलेलं. ते पाऊस सुरू झाल्यावरच उघडायचं, आदल्या दिवशी ठेवायचं नाही, नाहीतर उडालेली धूळ आधी जाऊन बसते. आणि लिटमस किंवा पीएचची कागदी पट्टी पावसाच्या पाण्याला चालत नाही. या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीचा स्वतःचा रंगच आकडा बिघडवतो. मीटर हवा, ४ आणि ७ च्या बफरवर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर) लावून घेतलेला, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं थांबायला हवं.

शिवाय नुसता पीएच घेऊन भागत नाही. दमट उष्ण जंगलातला पाऊस कुठलाही कारखाना नसताना पीएच ५ च्या आसपास येऊ शकतो, कारण झाडापानांतून आणि जळणाच्या धुरातून फॉर्मिक आणि ॲसिटिक ॲसिड हवेत जातं. खरं कळायचं तर सल्फेट, नायट्रेट, सोडियम आणि कॅल्शियम मोजावं लागतं. समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या पाव पट सल्फेट असतं. तेवढं वजा करायचं, मग उरलेलं सल्फेट समुद्राच्या मिठाखेरीज दुसरीकडून आलेलं मानायचं. किनाऱ्यावर राहून ही वजाबाकी न करता 'सल्फेट सापडलं, सल्फेट सापडलं' म्हणून ओरडणारे अहवाल मी पुष्कळ वाचलेत.

आता पत्रे. तुमच्या घराचं समुद्राकडचं पाखं आणि मागच्या अंगाचं पाखं आठव. दोन्ही एकाच दिवशी घातलेली, एकाच गाडीतून आलेल्या पत्र्यांची. कोणतं आधी गळतं? गुहागरात कुणी त्याला ॲसिडचा पाऊस म्हणत नाही, 'खाऱ्या वाऱ्याने खाल्लं' म्हणतात, आणि ते बरोबर आहे. नायजर डेल्टा म्हणजे खाड्या, खारफुटी आणि समुद्र. बॉनी तर थेट मुखावर बसलेलं बेट. वर्षाचे आठ-नऊ महिने पाऊस आणि बारा महिने दमट हवा. तिथे साधे पत्रे दुकानात मिळतात ते बरेचदा इतक्या हलक्या मुलाम्याचे की हातात धरल्यावर लहरतात.

आकड्यात सांगतो. १२० जीएसएमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला साठ ग्रॅम, म्हणजे जेमतेम आठ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे वर्ग पाडलेत. सी-३ वर्गात जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं आणि सी-५ मध्ये, जिथे किनाऱ्याची जबर खारी हवा येते, ४.२ ते ८.४ मायक्रॉन. आठ भागिले चार, आठ भागिले आठ. व्हिडिओतली 'दोन वर्षं' तुला इथेच सापडतात, त्यात फ्लेअरचं सल्फर एक थेंबही न घालता. फ्लेअर, डिझेलचा धूर, काजळी या सगळ्यांची त्यात भर पडते, मी नाही म्हणत नाही. पण आधी मीठ वजा करा, मग बाकीच्यांचा हिशेब मांडा.

मीठ आणि आंबट पाऊस वेगळे ओळखायची एक गावठी खूण आहे, माझ्या अनुभवात ती बहुधा खरी ठरते. शिडी लावून वळचणीखाली बघ. मीठ साचतं ते पाऊस धुऊन नेत नाही अशा जागी: पत्र्याची खालची बाजू, दोन पत्रे एकावर एक येतात ती सांध्याची पट्टी, खिळ्याच्या वायसरखालची गोल जागा. तिथे पांढरी भुकटी, मग तांबूस फोड, मग भोक. आंबट पावसाचं काम उलटं चालतं. तो उघड्या वरच्या बाजूचा मुलामा सारखा विरघळवत नेतो, पाणी ओघळतं त्या रेषा आधी उघड्या पडतात आणि आडोशाचा भाग त्या मानाने चकचकीत राहतो. डेल्टात मी बघितलेल्या पत्र्यांपैकी बहुतेक खालून आणि सांध्यांतून सडलेले होते. दोन वाड्यांत मात्र, फ्लेअरच्या अगदी वाऱ्याच्या दिशेला, वरून झिजलेलेही होते. म्हणून मी 'अजिबात नाही' असं म्हणत नाही, 'सरसकट नाही' म्हणतो.

याचा अर्थ तेल कंपन्या सुटल्या असा काढू नकोस. उलट माझं म्हणणं आहे की 'ॲसिड रेन, ॲसिड रेन' करण्यात त्यांचा खरा गुन्हा बाजूला पडतो. नायजेरियात १९५६ मध्ये ओलोइबिरीला तेल लागलं आणि १९५८ पासून निर्यात सुरू झाली. सोबतचा गॅस वापरायची सोय करणं महाग पडतं म्हणून तो जाळत राहिले. १९७९ मध्ये कायदा झाला की १९८४ पासून परवानगीशिवाय जाळायचा नाही. दंड इतका किरकोळ की जाळणं स्वस्त पडायचं. २००५ च्या नोव्हेंबरात बेनिन सिटीच्या फेडरल हाय कोर्टाने फ्लेअरिंग हे लोकांच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे असा निकाल दिला, तरी ज्योती पेटलेल्याच. आजही जगात सगळ्यात जास्त गॅस जाळणाऱ्या देशांच्या यादीत वरच्या नवात नायजेरिया असतो. एबोचा नावाचं गाव आहे, नावाचा अर्थ लोक 'उजेडाचं शहर' असा सांगतात. तिथे रात्र होत नाही. ज्योतीच्या जवळच्या शेतात पीक करपतं ते उष्णतेने. घरातल्या भांड्यांवर बोट फिरवलं तर काळं येतं, ती काजळी. ॲसिड नसेल पण काजळीतले पदार्थ ॲसिडपेक्षा बरे आहेत असं कुणी सांगितलेलं नाही.

आणि आंबटपणाच शोधायचा तर वर आभाळात कशाला, खाली चिखलात बघ. आपल्या खाडीतल्या खाजणाचा चिखल पायाने ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो ना? तो त्यातल्या गंधकाचा. खारफुटीच्या चिखलात लोह आणि गंधक यांचं पायराइट बनून पाण्याखाली शांत पडून असतं. त्याला हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं. केरळातल्या कुट्टनाडच्या कारी जमिनींचं दुखणं हेच. नायजर डेल्टात तेलाच्या बोटी आणि पाइपलाइन नेण्यासाठी कालवे खोदले आणि तो चिखल काठावर ढिगांनी टाकून दिला. वर्षानुवर्षं तो ढीग वाळतो, पाऊस आला की त्यातून ॲसिड झिरपतं, आणि त्या ढिगावर पुन्हा खारफुटी धरत नाही. अशा एका ढिगाच्या बुडाशी साचलेल्या डबक्याचा मी घेतलेला पीएच तीनच्या खाली होता. लिंबाच्या रसापेक्षा थोडाच वर. शेजारी पडलेल्या पावसाचा त्याच आठवड्यात ५.४. तिथला मच्छीमार म्हणतो की तेलवाल्यांनी पाणी आंबट केलं, आणि तो खोटं बोलत नाही. फक्त ते आभाळातून आलेलं नाही, ड्रेजरने वर काढलेलं आहे. हे सांगायला कुणी कॅमेरा घेऊन जात नाही, कारण चिखलाच्या ढिगाला ज्योतीसारखा देखावा नाही.

अजून एक गंमत ऐक, म्हणजे गंमत कसली. जगातलं सगळ्यात गोड म्हणवणारं तेल हा देश बाहेर पाठवायचा, आणि स्वतःच्या रिफायनऱ्या धड चालत नसल्याने डिझेल बाहेरून आणायचा. त्या डिझेलमध्ये बरीच वर्षं ३००० पीपीएम गंधक चालायचं, म्हणजे ०.३ टक्के, निर्यात केलेल्या कच्च्या तेलाच्या दुप्पट. आपल्याकडे बीएस-६ मध्ये मर्यादा १० पीपीएम आहे, यावरून अंदाज कर. वीज कधीही जाते म्हणून पोर्ट हार्कोर्टमध्ये घरोघरी, दुकानोदुकानी जनरेटर. २०१६ च्या अखेरीपासून तिथे काळ्या काजळीचा जो त्रास सुरू झाला, त्यात चोरून तेल शिजवणाऱ्या भट्ट्या आणि त्या पकडून जागीच पेटवून देणं, दोन्हींचा हात होता. शहरातल्या हवेत गंधक शोधायचं तर मी आधी जनरेटरच्या रांगेकडे बघेन, क्षितिजावरच्या ज्योतीकडे नंतर.

तुझा दुसरा प्रश्न, तेल निघतं तिथे सगळीकडे असंच होतं का. नाही. कुवेत बघ. १९९१ मध्ये इराकी सैन्याने जाताना सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या, शेवटची आग ६ नोव्हेंबरला विझली. अडीच टक्के गंधकाचं तेल महिनोन्महिने उघड्यावर जळत होतं. कागदावर बघितलं तर आंबट पावसाचा याहून मोठा प्रसंग सापडणार नाही. पण तिथे वर्षाला पाऊसच शंभर-सव्वाशे मिलिमीटर, आणि वाळवंटाच्या धुळीत चुना भरपूर. ॲसिड आणि चुना भेटले की जिप्सम होतं. इराणच्या दक्षिण भागात काळा पाऊस पडला तो काजळीचा. मी तिकडे गेलो तेव्हा आगी विझून काही वर्षं झाली होती, पण वाळवंटात तेल, काजळी आणि वाळू यांचा डांबरी थर कडक होऊन बसला होता, त्याला टारक्रीट म्हणत. बुटाने ठोकला की टक् वाजायचा. तेवढं सगळं गंधक जळूनही आमची तिथली गंजाची रडगाणी मात्र मिठाचीच होती.

हीच धूळ आपल्यालाही वाचवत आली. हवामान खातं पुणे, नागपूर, जोधपूर, मोहनबारी अशा ठिकाणी कित्येक दशकं पावसाचं पाणी तपासतंय. जोधपूरसारख्या ठिकाणी पाऊस चक्क अल्कधर्मी. धूळ कमी आणि पाऊस जास्त अशा जागी पीएच खाली सरकलेला दिसतो. त्यातलं मोहनबारी म्हणजे आसामात दिब्रुगडजवळ, दिगबोई-दुलियाजानच्या तेलपट्ट्याच्या शेजारी. तिथलं तेलही गोडच आहे. गंधक आहे ते शेजारच्या माकुमच्या कोळशात. २०२० मध्ये बाघजानला विहीर फुटली, २७ मेपासून गॅस सुटला, ९ जूनला आग लागली, नोव्हेंबरात विझली. चहाच्या पानांवर आणि तिथल्या बीलच्या (पाणथळ तळ्याच्या) पाण्यावर जे पडलं ते कंडेन्सेट होतं, म्हणजे तेलाचे बारीक थेंब. त्यालाही बातम्यांत कुणीतरी 'ॲसिड' म्हटलेलं वाचल्यावर मी पेपर बाजूला ठेवला.

उरणला का नाही, याचं उत्तर आता तूच देशील. बॉम्बे हायचा माल गोड. गॅस किनाऱ्यावर आणून वापरला जातो, उरणच्या वीजकेंद्राला, थळच्या खतकारखान्याला. वसईच्या समुद्रातल्या दक्षिण बेसीन क्षेत्राचा गॅस मात्र सावर आहे, तो हजिऱ्याला जातो आणि तिथे गंधक काढून घेतलं जातं. शिवाय पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो. उलट चेंबूर-माहुलची हवा पिढ्यान्‌पिढ्या बदनाम, जिथे तेलाची एक विहीर नाही. तिथे आहेत रिफायनऱ्या आणि खतकारखाना, आणि रिफायनरीत येणारं तेल बरंचसं आखातातलं. गंधक तेलाबरोबर जहाजातून फिरतं. ज्या गावी ते तेल जळतं किंवा शुद्ध होतं, त्या गावाने ते भोगायचं.

आता तुझ्या कामाचं. पावसाचं पाणी पत्र्यावरून घेतलेलं पिऊ नकोस. ॲसिडसाठी नाही, काजळी आणि पत्र्याचं जस्त-शिसं त्यात येतं म्हणून. कपडे-भांड्यांना वापरायचं तर पाऊस सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं वाहून जाऊ दे. हारमाटानच्या, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, महिन्यांनंतरच्या पहिल्या पावसाला तर हातच लावू नको, सहाराची सगळी धूळ त्यात असते. आणि विहिरीचं पाणी पावसापेक्षा जास्त घातक असू शकतं: २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनीलँडच्या पाहणीत एका वस्तीच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त असल्याचं नोंदवलं. त्याला वास येईलच असं नाही, त्यामुळे बाटलीचं पाणी परवडत नसेल तरी घे.

कंपनीने पत्र्याचं घर दिलं तर पहिल्या दिवशी शिडी मागून वळचणीखाली बघ, आणि फोटो पाठव. सांध्यांतून सडलं असेल तर पत्रा बदलताना २७५ जीएसएमचा, रंगीत कोटिंगचा माग, खिळ्यांऐवजी स्टेनलेसचे स्क्रू. वरून झिजलं असेल तर मला लगेच फोन कर, मग आपण पाणी जमवून तपासू. बादली इथूनच प्लास्टिकची ने.